मालन सिस्टरची कात्री

थेरेसा : उघड ना गो बॅग! पाठी लाइन कुठवर गेली बघ. सिक्युरिटीवाल्या मॅडम खोळंबल्यात.

मालन : उघडतेय. चेन अडकलीय. आणि आता आत राहिलंय काय? पाण्याची बाटली काढून घेतली, थालीपीठाचा डबा टॅक्सीत राहिला. गाणं ऐकायला आलोय की परीक्षेला?

दीपिका : मावशी, हे काय आहे?

मालन : कात्री.

दीपिका : आणि ही दुसरी?

मालन : ती कात्री नाही, आर्टरी. रक्त यायला लागलं की चिमटा लावतात ना, ती. घाबरू नकोस, स्वच्छ आहे. उकळलेली आहे.

दीपिका : अहो, कॉन्सर्टला आलात की ऑपरेशनला?

थेरेसा : आज कॉन्सर्ट. ऑपरेशन बुधवारी.

मालन : थेरेसा, गप.

दीपिका : हे आत चालणार नाही. तो निळा ड्रम दिसतोय ना, त्यात टाका आणि या.

मालन : टाका म्हणजे?

दीपिका : म्हणजे टाका. सगळ्यांचं तिथंच जातंय. लायटर, परफ्यूम, सेल्फी स्टिक. परत मिळत नाही, आधीच सांगते.

थेरेसा : जेजू! रिटायर होऊन तीन वर्षं झाली तुला. अजून कात्री वागवतेस?

मालन : सिस्टर कात्रीशिवाय घराबाहेर पडते का कधी? सवयीनं आली. पर्समधून पैसे काढताना पण हाताला लागत नाही मला, अंगाचाच भाग झालीय ती.

थेरेसा : मी बघ, ढीगभर सामान घरी ठेवून आले. लिपस्टिक आणि तिकीट.

मालन : तू काय, तू मेल वॉर्डात पण लिपस्टिक लावून यायचीस.

थेरेसा : पेशंट लवकर बरे व्हायचे माझे. चल, टाक ती ड्रममध्ये. मी दुसरी घेऊन देते.

मालन : वाच काय लिहिलंय तिच्यावर.

थेरेसा : माहीत आहे मला. मीच लिहून घेतलंय.

मालन : तरी वाच.

थेरेसा : म. कांबळे. पहिल्या पगारात तुझ्यासाठी घेतली. मग लालबागला त्या भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे बसले अर्धा तास. तो म्हणाला, बाई, पातेली आणा, वाटी आणा, कात्रीवर मी कधी घातलं नाही. चार वेळा सुई घसरली त्याची.

मालन : वॉर्डात खाली ठेवलेली कात्री दोन मिनिटांत गायब व्हायची. चाळीस वर्षांत ही एकदा गेली नाही. आणि आता मी ड्रममध्ये टाकू? लायटरच्या ढिगात? अजिबात नाही.

दीपिका : मावशी, मग साइडला व्हा प्लीज. मागच्यांना येऊ दे.

मालन : होते ना साइडला. थेरेसा, तू जा आत. तिकीट घे तुझं. मी इथं भिंतीशी बसते. रेसकोर्स केवढं उघडं आहे, गाणं बाहेर पण ऐकू येणार. संपलं की इथंच ये.

थेरेसा : वेडी आहेस का?

मालन : वेडं काय त्यात? गर्दीत उभं राहून गायचं तुला आहे. मला कुठं गाता येतं? आमच्या चाळीत जयंतीला पाचवीतलं पोर पण माइकवर गाऊन जातं, मला मात्र हारांच्या टेबलावर बसवतात. मी बाहेर असले काय, आत असले काय.

थेरेसा : मालन, इकडे बघ. मी एकटी नाही जाणार.

मालन : चाळीस हजार माणसं आहेत आत.

थेरेसा : म्हणूनच. घाबरलेय मी, कळत नाही तुला? सकाळपासून हसतेय ते काय उगाच? नवऱ्याला, लॅन्सला पण फक्त गळ्यातली गाठ माहीत आहे. आवाजाचं सांगितलं नाही मी. घरात नाही, चर्चमध्ये नाही. तुला एकटीला सांगितलंय.

मालन : सर्जन काय म्हणाले ते मी पण ऐकलंय. आवाज जाईल असं म्हणाले नाहीत.

थेरेसा : राहील म्हणाले. कसा राहील ते गाठ उघडल्यावर कळेल म्हणाले. आवाजाच्या नसेला चिकटलीय ती. तू ऑपरेशन थिएटर केलंयस बारा वर्षं, तुला ठाऊक आहे अशा वेळी काय काय होतं. चर्चमध्ये एकेचाळीस वर्षं मी वरच्या पट्टीत गातेय. बुधवारच्या आधी एकदा मला मोकळं गायचंय, रविवारच्या साडीत उभं राहून नाही, असं, शर्ट घालून, ओरडून. आणि आपल्या नर्सिंग हॉस्टेलच्या गच्चीवर जो टेपमध्ये गायचा, त्याच्यासमोर.

मालन : सत्तरीचा झालाय तो.

थेरेसा : आपण काय कोवळ्या आहोत? तू बाजूला नसलीस तर तोंडातून सूर निघणार नाही माझ्या. खरं सांगते.

मालन : ...रडू नकोस. नाक भरलं की गाता येत नाही. ओ बाई, नाव काय तुमचं?

दीपिका : दीपिका. मावशी, मी नियम नाही बदलू शकत.

मालन : नियम कोण मोडायला सांगतंय? मी पस्तीस मुलींची इन्चार्ज होते, नियम मीच लावायचे. तो पांढरा तंबू कसला?

दीपिका : मेडिकलचा. डॉक्टर आहेत, दोन सिस्टर आहेत.

मालन : त्यांच्याकडे कात्री असेल ना?

दीपिका : असणारच.

मालन : मग तिथं अजून एक असली तर काय बिघडलं? मेडिकलची वस्तू मेडिकलमध्ये. आम्ही ती घेऊन आत जात नाही. तुम्ही नेऊन द्या.

दीपिका : ...थांबा, सरांना विचारते.

थेरेसा : बापरे, हिनं तर सरांना पण ड्युटीला लावलं!

दीपिका : हो म्हणाले सर. पण परत घ्यायला याच गेटवर यायचं. द्या इकडे.

मालन : अशी नाही देणार. ओव्हर घ्यावी लागेल.

दीपिका : काय घ्यावी लागेल?

थेरेसा : घ्या हो, सोडणार नाही ती. ड्युटी बदलली की जाणारी सिस्टर येणारीला पेशंटचं सगळं सांगते. नाव, वय, काय झालं, काय द्यायचं. ती ओव्हर. येणारीनं परत म्हणून दाखवल्याशिवाय पहिली घरी जात नाही.

मालन : एक कात्री, नाव म. कांबळे. एक आर्टरी, बिननावाची. तंबूतल्या सिस्टरच्या हातात द्यायची, टेबलावर ठेवायची नाही. म्हणा.

दीपिका : एक कात्री, म. कांबळे. एक आर्टरी. हातात द्यायची, टेबलावर नाही.

मालन : शाब्बास. नर्सिंगला यायला हवं होतंत तुम्ही.

दीपिका : जा आता, मावशी. सुरू होतंय.

(मैदानात, गर्दीच्या मधोमध. स्टेजवरचे दिवे लागलेत.)

थेरेसा : दिसतोय का गो तुला?

मालन : माणूस दिसत नाही, पडद्यावर टक्कल दिसतंय. केवढे केस होते पोस्टरवर!

थेरेसा : मेट्रननं फाडलेलं ते पोस्टर.

मालन : तिनं अर्धं फाडलं. उरलेलं माझ्या ट्रंकेत आहे अजून.

थेरेसा : काय सांगतेस! कधी बोलली नाहीस ते!

मालन : विचारलंस कधी? ...अगं, ऐक. हे तेच ना? गच्चीवरचं?

थेरेसा : तेच. सुरुवातीचं वाजवतोय. मालन, थांब, आधी ओव्हर घे.

मालन : कसली आता?

थेरेसा : थेरेसा डिमेलो, वय एकसष्ट. बुधवारी सकाळी आठला ऑपरेशन. आवाज आज एकदम छान. वरपर्यंत जातो, कुठं फाटत नाही. नीट ऐकून ठेव. पुढं कधी मला वाटायला लागलं की मला गाताच येत नव्हतं, तर तू सांगायचं.

मालन : थेरेसा...

थेरेसा : परत म्हण. नियम आहे.

मालन : थेरेसा डिमेलो. एकसष्ट. बुधवार, सकाळी आठ. आवाज एकदम छान. वरपर्यंत जातो. कुठं... कुठं फाटत नाही.

थेरेसा : घेतलीस?

मालन : घेतली. गा तू.