सहा नळ्या आणि दोन साडू

— नाही हो, इंजिनाचा धूर बाहेर काढणारा हा मॅनिफोल्ड जोडून भागणार नाही. ओतीव लोखंड आहे हे. इथं नख फिरवून बघा, तडा वरून केसाएवढा दिसतो, पण आतून पार तिसऱ्या तोंडापर्यंत गेलाय. आज मी वेल्डिंग मारीन, तुम्ही खुशीत घरी जाल, आणि इंजिन चार वेळा तापून गार झालं की शेजारी दुसरा तडा, मग शिव्या मला. नवा शोधायचा म्हणाल तर — शोधलात? तीन वर्षं? झालं तर मग. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा सुटा भाग तुमच्यासाठी उशाशी घेऊन कोण झोपलंय? तेव्हा आता एकच उपाय, नळ्यांचा हेडर बनवायचा. सहा सिलिंडर, सहा नळ्या, प्रत्येकाचा धूर वेगळ्या वाटेनं बाहेर काढायचा आणि पुढे नेऊन एकत्र करायचा. सहाही नळ्या लांबीला सारख्या, स्टिअरिंगचा दांडा चुकवायचा, प्लग काढायला पाना जाईल एवढी जागा सोडायची. बोलायला काय, जिभेला हाड नसतं. बसा ना, तो डबा ओढा पुढे, रिकामाच आहे.

काय म्हणालात, जोड नको? एकही? म्हणजे तुकडे कापून, एकाला एक चिकटवून वळण द्यायचं, ते नको. अख्खी नळी एकसंध वाकवायची, जुन्या काळी वाकवायचे तशी. हं. नाही, कुणी शिकवून पाठवलं ते विचारत नाही मी, ओळखलंय. ‘एकसंध’ हा शब्द तुमचा नाही, माझ्या साडूचा आहे. त्याच्याकडे जाऊन आलात ना? मग. सगळे आधी तिकडेच जातात, त्यात तुमचं काय चुकलं. त्याला वेळ नसला, किंवा काम अंगाला चिकटणारं असलं, की मग लोकांना माझी आठवण होते. निरोप आहे? असू दे, निरोप काही नासत नाही, सांगा नंतर. आधी माझं ऐकून घ्या, कारण त्याचं तुम्ही ऐकलेलं आहेच.

साडू म्हणजे कसं, आमची ही थोरली, त्याची ती धाकटी, सख्ख्या बहिणी. त्यांचे वडील ते आमचे वस्ताद. याच कामाचे. त्यांच्या शेडमध्ये मी शिकलो, मग माझ्यामागून चार वर्षांनी हा आला, आणि पुढे दोघंही त्यांचेच जावई झालो. म्हणजे बघा, शिष्य म्हणून मी आधीचा, जावई म्हणून मी थोरला, वयानंही मीच मोठा. तो मला दादा म्हणतो. आजवर एकदाही चढ्या आवाजात बोललेला नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू सांगतोय. पण मोठेपण असं नुसतं वयानं मिळत असतं तर काय हवं होतं? वस्ताद आमची नळी हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि वळणाच्या आतल्या अंगावरून अंगठा फिरवायचे — सुरकुती पडते ती तिथंच, आतल्या अंगाला, आणि ती डोळ्याला दिसायच्या आधी अंगठ्याला कळते. त्याच्या नळीवरून अंगठा फिरला की काही बोलायचे नाहीत, नुसतं गालात हसायचे. माझी घेतली की म्हणायचे, चालेल. अकरा वर्षं, चालेल. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तसलं.

शेवटी एकदा मी काय केलं — हसू नका हं — एक नळी केली जीव ओतून. दोन दिवस घालवले एका नळीवर. आणि सकाळी वस्ताद यायच्या आधी ती त्याच्या ढिगात नेऊन ठेवली. त्याच्या पाच, त्यात माझी एक. वस्ताद आले, एकेक उचलत गेले आणि नेमके माझ्या नळीवर थांबले. दोनदा अंगठा फिरवला. सगळ्यांना हाक मारली, म्हणाले, हा बघा, याला म्हणतात हात. आणि बघतायत कुणाकडे, तर त्याच्याकडे. आता मी कुठल्या तोंडानं सांगू की ती माझी आहे? हात दाखवून अवलक्षण. पण हा गप्प राहील तर ना, हा म्हणाला, “वस्ताद, ती माझी नाही, दादांची आहे.” वस्तादांनी पुन्हा एकदा नळीकडे बघितलं, म्हणाले, असं का, आणि खाली ठेवली. पुढे काय म्हणाले ते तुम्हीच ओळखा. — बरोबर. चालेल.

माझा राग वस्तादांवर नव्हता, खरं सांगतो, म्हातारा माणूस, त्याची एक नजर बसून गेली होती. राग आला तो याचा. कबूल कशाला करायचं? घेतलं असतं कौतुक खिशात घालून, तर निदान मला मनातल्या मनात चोर तरी म्हणता आलं असतं त्याला. तेवढीही सोय ठेवली नाही. आमच्या घरातही तेच, बरं का. आमची ही उठता-बसता धाकट्यांचं कौतुक सांगते, धाकट्यांनी असं केलं, धाकटे कसे शांत असतात, धाकट्यांनी स्वयंपाकघरातली फळी पण किती नीट ठोकली. अहो, फळीसुद्धा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो, आणि मी म्हणतो, हो, छान आहे फळी.

तर एकसंध वाकवणं. कसं करतात सांगितलं का त्यानं? नळी नुसती तापवून वाकवली तर वळणावर चपटी होते. म्हणून तिच्यात वाळू भरायची, ठोकून ठोकून गच्च बसवायची, दोन्ही तोंडांना लाकडी बूच मारायचं. मग एकानं गॅसचा टॉर्च धरून नळी लाल करायची आणि दुसऱ्यानं बुचाच्या टोकाशी उभं राहून हळूहळू ओढायची. दोन माणसांचं काम आहे ते, एकट्याच्या बापाला जमत नाही. आणि वाळू कोरडी हवी. उन्हात वाळवलेली नाही, कढईत भाजलेली. तिच्यात ओल राहिली की नळीत तिची वाफ होते, आणि वाफेला जायला जागा नसते.

त्याचा डावा डोळा बघितलात ना? त्याचंच ते. बावीस वर्षं झाली. बूच उडालं आणि मागोमाग तापलेली वाळू तोंडावर. — कुणी भाजायची होती म्हणजे? शेडमध्ये चार कामं असतात, चार माणसं असतात, वाळू काय कुणीही भाजतं. आता एवढ्या वर्षांनी ते उकरून काढायचं कशाला. टॉर्च माझ्या हातात होता, मला काही झालं नाही, एवढं खरं. त्यानंतर त्यानं वाळूला हात लावला नाही. तुकडे जोडूनच काम करायला लागला. मला वाटलं, चला — वाईट वाटलं हो, दवाखान्यात रोज जात होतो मी, डबा घेऊन जात होतो — पण मनाच्या एका कोपऱ्यात वाटलंच, की आता तरी आपण सारखे होऊ. कसले सारखे होतोय. एका डोळ्यानं असे तुकडे जोडतो की जोड कुठे आहे ते शोधायला लागतं. लोक लांबून लांबून गाड्या घेऊन येतात, हेडरचा फोटो काढून भिंतीवर लावतात. माझ्या दोन्ही डोळ्यांनी केलेल्या कामाचा फोटो अजून कुणी काढलेला नाही.

हां, सांगा आता तो निरोप. कधीचे चुळबुळ करताय.

तो करणार? वाळू भरून? अहो, त्यानं सोडलंय ते, आत्ताच सांगितलं ना मी — बरं, बोला, नाही मधे बोलत. ... टॉर्च मी धरायचा. आणि तो ओढणार. बुचाच्या टोकाशी तो. म्हणजे तसंच, त्या दिवसासारखं. दादा येत असतील तरच घेईन, नाहीतर तुकड्यांचा करून देतो. असं म्हणाला. दुसरं कुणी चालणार नाही? इतकी माणसं कामाला आहेत त्याच्याकडे. ... बरं. आणि काय?

काय म्हणालात?

परत सांगा. नीट, त्यानं म्हटलं तसंच सांगा. “त्या दिवशी वाळू भाजायला मीच विसरलो, चूक माझीच, दादांनी उगाच मनाला लावून घेतलंय.” असं म्हणाला? तुम्हाला, परक्या माणसाला? सगळ्यांनाच सांगतो? किती वर्षं?

खोटं आहे ते. साफ खोटं. वाळू भाजणं त्याच्याकडे नव्हतंच, माझ्याकडे होतं. ऐका. त्या नळीचं सांगितलं ना मघाशी, याला म्हणतात हात, ते सकाळी झालं, आणि हे त्याच दुपारी. वरच्या पोत्यातली वाळू भाजली मी, आणि ती कमी पडली म्हणून खालच्या पोत्यातली दोन ओंजळी तशीच घातली. गार लागली हाताला. कळलं मला, आत्ता हे लोखंड हाताला लागतंय ना तितकं स्पष्ट कळलं. आणि त्यानं विचारलंसुद्धा, बुचाशी उभं राहून, की दादा, वाळू कोरडी आहे ना? मी मिठाची गुळणी धरली आणि टॉर्च पेटवला. मला वाटलं, वाफ धरेल, नळी बिघडेल, फार तर फार सुरकुती पडेल. एकदा, फक्त एकदा त्याच्या नळीला सुरकुती पडावी आणि वस्तादांचा अंगठा तिथं अडावा, एवढंच हवं होतं मला. डोळा नको होता. डोळा कशाला हवा असेल मला?

आणि तो म्हणतो, माझी चूक. बघितलंत? हात त्याचा, नाव त्याचं, वस्ताद त्याचे, आमच्या घरातली फळीसुद्धा त्याची, आणि आता मन मोठं, तर तेही त्याचंच. बावीस वर्षांत माझं म्हणावं असं माझ्याकडे एवढं एकच होतं, वाईट होतं, पण माझं होतं, कुणाला दाखवलं नव्हतं. तेही त्यानं उचललं आणि आपल्या नावावर केलं, आणि गावभर वाटतोय. मला विचारलं का? त्याला सांगा, चूक माझी आहे म्हणावं, ती तुझी नाही. स्पष्ट सांगा. — नाही, नका सांगू. काय सांगणार, त्याला माहीत आहे. कोरडी आहे ना, असं विचारणारा तो, आणि उत्तर न देणारा मी. विचारणारा माणूस विसरतो का कधी? तेव्हापासून माहीत आहे त्याला. लग्नाकार्यात शेजारी बसून जेवतो माझ्या, पाण्याचा तांब्या पुढे करतो, दादा म्हणतो.

उचला, ज्यात गुंडाळून आणलात ते पोतं तुमचं. मॅनिफोल्ड पण घ्या, राहू नका देऊ इथं. हो, मला ऐकू आलंय, उद्या सकाळी म्हणाला ते. येतो म्हणूनही सांगू नका आणि येत नाही म्हणूनही सांगू नका. दुकान बंद करायचंय मला. असेल दुपार, माझं दुकान आहे, मी बंद करतोय. तुम्ही निघा.