मनकर्णाची दुपारची ड्यूटी

नाव अंजनाबाई शामराव लांजेवार, वय अंदाजे तीस, धंदा घरकाम. मूळ गाव साकोलीजवळ, जिल्हा भंडारा. सध्या राहणार कच्च्या क्वार्टरांची ओळ, भिलाई, जिल्हा दुर्ग. मे महिना, सन 1960.

मी कोणी न बोलावता चौकीत येऊन सांगते ते असे की, माझे मालक कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर खलाशी, म्हणजे हाताखालचे मजूर, आहेत. आमच्या ओळीतले बहुतेक पुरुष पाळीने कामाला जातात. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो. क्वार्टर एका खोलीचे आणि पोरे काही गप्प बसत नाहीत, म्हणून आम्ही बायकांनी दुपारची ड्यूटी लावून घेतली आहे. दाराला चादर टांगलेली दिसली की आत रात्रपाळीवाला झोपला आहे असे समजायचे. जिची ड्यूटी असेल तिने त्या दाराशी दिसेल ते पोर उचलायचे आणि सगळ्यांना लांब सावलीला न्यायचे. हाक मारून विचारायचे नाही, कारण हाकेनेच माणूस उठतो.

हवालदारसाहेबांनी विचारले की ड्यूटी कारखान्यात असते, बायकांना कसली आली? त्यावर सांगते की, मालक भट्टीवर जातात ती ड्यूटी. सासू अंथरुणाला खिळली तर तिचे करणे ही ड्यूटी. नळावर शेजारणीचा हंडा राखणे ही ड्यूटी. कोणी मेले तर त्या घरी भाकरी पोचवायची, तीही ड्यूटीच. गावी हा शब्द आमच्या तोंडात नव्हता, कामे हीच होती. मालकांच्या ड्यूटीला सुट्टी असते, एवढाच फरक मला दिसतो.

आज मनकर्णा फकिरा हटवार हिची ड्यूटी होती. शेवटच्या क्वार्टरात किशनलाल व बिमला हे कानपूरकडचे नवे बिऱ्हाड आले आहे. बिमलाने झळा लागतात म्हणून ओली चादर दाराला टांगली होती. आमची रीत तिला कोणी सांगितली नव्हती. मनकर्णाने चादर पाहिली, दाराशी त्यांची गुड्डी खेळताना पाहिली, आणि तिला उचलून बाकीच्या पोरांबरोबर जुनवानीच्या वाटेवरच्या तळ्याकाठी नेले.

बिमला रडत ओरडत निघाली तेव्हा मी बाहेर आले. "कावून बोंबलून राहिली वं, मानसं झोपले हायेत ना!" असे मी तिच्यावर खेकसले. तिला मराठी कळत नाही. पोर कुठे आहे ते माझ्या ध्यानात येईपर्यंत ती नवऱ्याकडे धावली होती. पोर चोरीला गेल्याची तक्रार किशनलालने चौकीत दिली. शिपायाने मनकर्णाला तळ्यावरून पोरांसकट ओळीतून चालवत आणले. सगळ्यांनी पाहिले. मला फार वाईट वाटले.

चौकीत किशनलाल म्हणाला, "जिसका अपना बच्चा नहीं, वही दूसरे का उठाती है।" मनकर्णाला मूल नाही हे खरे आहे. दोन झाली, राहिली नाहीत. हे मी त्याला तोंडावर सांगितले. आणखीही बोलले, ते लिहू नये. गुड्डीच्या अंगावर ओरखडा नाही. तोंडाला गूळ लागला आहे, तो मनकर्णाच्या पदरचा. तक्रार मागे घ्या असे बिमला म्हणते, नवरा अजून ऐकत नाही. माझे ऐकून तरी त्याने ती मागे घ्यावी.

मनकर्णा मला म्हणाली, "अंजनाबाई, आता मले ड्यूटी नोका देऊ. लोकायची पोरं मी नाई नेत." वस्ती बसल्यापासून तिने एकही ड्यूटी चुकवलेली नाही. तिच्या नावावर चोरी लिहायची असेल तर ओळीतल्या सगळ्या बायकांच्या नावावर लिहावी.

हा मजकूर मला माझ्या बोलीत समजावून ऐकवला, मी बोलले तसाच आहे. अंगठा देण्यासाठी हात मोकळा हवा म्हणून मी कडेवरची माझी धाकटी मुलगी मनकर्णापुढे धरली. तिने हात पुढे केले नाहीत. "घे ना वं, मले अंगठा द्याचा हाय," असे मी म्हटले. तिने किशनलालकडे पाहिले आणि मग पोर घेतली. हेही लिहावे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, अंजनाबाई लांजेवार.