घरच्या पोळीला मत

"फुटली गं पोळी, पुरण तव्यावरी, पोटातलं गुज राहीना अंतरी," असं हिमानीची आई पोळ्या लाटताना गायची. अमेरिकेतल्या रेडमंडच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचं बोलणं ऐकून हिमानीला तो सूर आठवला.

"प्रल्हादकाका, घरी रांधलेलं विकू द्यायच्या प्रस्तावाला तुम्ही मतपत्रिकेवर 'नो' केलंत ना?"

"माझं रेस्टॉरंट आहे, अहिल्या. तू पुरणपोळ्या विकल्यास तर माझ्याकडे कोण फिरकेल?"

"आणि तो प्रस्ताव पास नाही झाला, तर माझा धंदा सुरूच होणार नाही."

"मत देऊन बॅलट गेलं पोस्टात. विषय संपला."

"बरं, राग नाही. ही पोळी तरी घ्या."

"अगं, डाएट... आण. अहाहा!"

"काका, डोळे का मिटलेत?"

"'यस' केलंय गं मी! आमची पोळी मलाच गिळवत नाही. काकूला मात्र सांगू नकोस. पोळ्या तीच लाटते, आणि अंगणात 'नो'च्या प्रचाराची पाटीही तिनेच रोवलीय."