खाटेखालचे हंडे

तापाच्या वॉर्डाबाहेर डास निर्मूलनाचे साहेब डॉक्टरांची वाट बघत बसले होते. शेजारी सासू-सून बोलत होत्या.

"पाणी खाटेखाली कशाला ठेवलंस गं?"

"मागच्या खेपेला डासवाले आले, अळ्या झाल्यात म्हणाले, अन् भरलेले हंडे मोरीत ओतून गेले. नळाचा काही नेम आहे का, आई? म्हणून यंदा लपवले."

"आणि पोरीला त्याच खाटेवर निजवलंस?"

"दुसरी खाट कुठंय आपल्याकडे?"

सासूनं तिचा हात हातात घेतला. मग साहेबांकडे वळून म्हणाली, "तुमचं कोण आहे हो आत, भाऊ?"

साहेब उठले. बाहेर जाऊन त्यांनी कचेरीत फोन लावला.

"उद्यापासून कुणाचंही पाणी ओतायचं नाही. गाळून, वर फडकं बांधून द्यायचं."