तोफेचं बटण, भोंग्याचं बटण

नाही नाही, हलवू नका! हलवून नाही बघायची ती वस्तू. आत काहीतरी खुळखुळलं ना? ऐकलंत? बास, तेवढं पुरे. काय आहे ते शेवटी सांगतो. आत्ताच सांगितलं तर तुम्ही पेटी खाली ठेवाल नि पुढच्या गाळ्यावर जाल, तिथं तो रोमानियन बसलाय, तो तुमच्या गळ्यात झारच्या काकूचा चहाचा समोवार मारेल. या महिन्यात तीन विकलेत त्यानं, काकू एकच. मी तसला नाही. मी सांगतो ते शब्द न् शब्द खरं असतं, आईची शपथ. आता आईला जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा तिचं काही बिघडायचं नाही, आणि एक गोष्ट मी पदरची घातलीये हेही खरं — एकच, चिमूटभर — पण बाकी सगळं जसंच्या तसं. बसा की. त्या स्टुलावर नको, ते विकलंय. इथं, खोक्यावर बसा.

तर ही पेटी रेडिओची. रेडिओची म्हणजे रेडिओ स्टेशनची. जेरुसलेमला होतं एक — अर्धं हिब्रू, अर्धं अरबी, आपल्यात आणि त्यांच्यात शांतता व्हावी म्हणून काढलेलं. हसा, हसा, सगळेच हसतात. नावावरून सात महिने बैठका चालल्या. ‘शालोम’ आधी म्हटलं की तिकडचे उठून बाल्कनीत जायचे सिगरेट ओढायला, ‘सलाम’ आधी म्हटलं की इकडचे. बाल्कनी एकच होती, तिथं मात्र सगळे एकमेकांना काडी द्यायचे. शेवटी ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं म्हणून नाव ठेवलं ‘रेडिओ तिसरा मजला’. याला कुणाची हरकत नव्हती. लिफ्ट नव्हती, त्यामुळे दोन्ही जमातींना धापही सारखीच लागायची. पैसा ओस्लोच्या एका संस्थेचा, आणि पैशाबरोबर आलेली एक ओस्लोची बाई — हातात स्टॉपवॉच. हिब्रूत हवामान पस्तीस सेकंद, तर अरबीत पस्तीस सेकंद. आता ऑगस्टमध्ये हवामान काय सांगणार? ऊन आहे. बारा सेकंदांत संपतं. मग उरलेल्या तेवीस सेकंदांत काय करायचं? पुन्हा सांगायचं की ऊन आहे. दोन्ही भाषांत.

तिथं मेनाशे म्हणून एक जण होता, तंत्रज्ञ. बगदादी ज्यू घरातला — आईशी अरबी बोलायचा, बाहेर हिब्रू, आणि मशीनशी दोन्ही भाषांत शिव्या. वय चाळीस, बायको नाही, पोट आहे. माझ्यासारखाच होता साधारण — नाही, माझ्याहून उंच. आणि विदाद होती, अरबी निवेदिका. आवाज असा की भाज्यांचे भाव वाचले तरी माणसानं गाडी कडेला लावून ऐकावेत. मेनाशेला तिचं काही — नाही, तसं काही नव्हतं. तिचा चहा तो करायचा, सेजची पानं घालून, एवढंच. चार वर्षं.

तुम्ही तेल अवीवचे दिसता, तुम्हाला हे कुणी सांगितलं नसणार. जेरुसलेमला शुक्रवारी सूर्य बुडायच्या चाळीस मिनिटं आधी भोंगा होतो. शब्बाथ आला, कामं बंद, मेणबत्त्या लावा. आणि रमजानमध्ये सूर्य बुडाला की तोफ उडते. रोजा सोडा. आता शुक्रवारही आहे आणि रमजानही आहे, तर आधी भोंगा, मग तोफ. हे दोन्ही आवाज रेडिओवरून ऐकवायचे असं ठरलं. पण रमजानात तोफा तीस आणि भोंगे चार, हे स्टेशनच्या समितीला पटेना. म्हणून तोफही फक्त शुक्रवारी. बाकीच्या दिवशी लोकांनी काय करायचं? मशिदीकडं कान लावायचा.

त्यासाठी ही पेटी. बघा, दोन बटणं. दोन्ही पांढरी. का? हिरवा रंग त्यांचा, निळा आपला, लाल म्हणजे धोका, पिवळा कुणालाच आवडेना. नावं लिहावीत तर कुठली भाषा वर? आणि दोन्ही भाषा उजवीकडून सुरू होतात, म्हणजे उजवं बटण ते पहिलं बटण — ते कुणाचं? यावर अडीच महिने. शेवटी तोडगा निघाला की पेटी दर आठवड्याला फिरवायची. एका शुक्रवारी भोंगा उजवीकडं, पुढच्या शुक्रवारी तोफ उजवीकडं. म्हणूनच हिला पुढची-मागची बाजू नाही, कशीही ठेवा, सारखीच दिसते. वायरसुद्धा बुडातून काढलीये. मेनाशेनं स्वतः बनवली, मान्य करतो, सुबक बनवली. गुरुवारी यायचं, पेटी फिरवायची, शुक्रवारी बटण दाबायचं. एवढंच काम.

विदादचे वडील अबू रमझी. तिकडच्या वस्तीत, बेत हनीनाला राहायचे, निवृत्त हेडमास्तर, विषय भूगोल. पोरगी त्या स्टेशनवर जाते म्हणून दोन वर्षं तिच्याशी जेवताना बोलले नव्हते — म्हणजे मीठ मागायचे, पण भिंतीकडं बघून. त्या रमजानला म्हणाले, ठीक आहे, या महिन्यात मी ऐकतो तुमचं ते तिसऱ्या मजल्यावरचं. खरं बोलत असाल तर जा बापडी. एक गोष्ट खोटी निघाली की तू मुलींच्या शाळेत शिकवायला जायचं, आणि त्यावर चर्चा नाही. विदादनं कबूल केलं. मेनाशेला येऊन सांगितलं, “माझी नोकरी आता तुझ्या बोटावर आहे, नीट जेवत जा.” तो म्हणाला, “बोट जेवत नाही.” ती म्हणाली, “तुझं जेवतं, बघितलंय मी.”

पहिल्या शुक्रवारी म्हातारबुवा स्वयंपाकघरात एकटेच बसले, रेडिओ आणि मनगटी घड्याळ समोर ठेवून. तोफ मिनिटावर. दुसऱ्या शुक्रवारी घड्याळ काढून खिशात ठेवलं. आणि तिसऱ्या शुक्रवारी — तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी अकरा माणसं जेवायला बोलावली. भाऊ, भाचे, जावई. टेबलाच्या मधोमध रेडिओ, त्याच्याखाली भरतकामाचा रुमाल. म्हणाले, आज माझ्या पोरीच्या तोफेवर रोजा सोडायचा.

त्याच आठवड्यात आपला सुक्कोतचा सण. गुरुवारी सुट्टी. म्हणून मेनाशे बुधवारीच जाऊन पेटी फिरवून आला. गुरुवारी बहिणीकडं, सणाच्या मांडवात, खजुराच्या झावळ्यांखाली बसून तिच्या नवऱ्याकडून टाइल्सच्या धंद्याची माहिती ऐकत होता. शुक्रवारी दुपारी आला. विदाद हेडफोन चढवता चढवता म्हणाली, “सण आला की तुझं डोकंही सुट्टीवर जातं. काळजी नको, मी सगळं बघितलंय.” तो हसला. काय बघितलंय, विचारलं नाही. लाल दिवा लागायला एक मिनिट होतं.

सूर्य बुडायला चाळीस मिनिटं. मेनाशेनं भोंग्याचं बटण दाबलं. तोफ उडाली.

आता ऐका हं. डायरेक्टर धावत आला. मेनाशे म्हणाला, चूक झाली, सांगून टाकू. डायरेक्टर म्हणाला, आधी भोंगा वाजव, नाहीतर पक्षपात होईल. तोफ वाजलीये आणि भोंगा नाही — ओस्लोला काय सांगू? म्हणून वाजवला भोंगा. आधी तोफ, मग भोंगा. तुम्ही या देशात वाढलात, आधी स्फोट मग भोंगा याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडच्या किर्यात मोशेतल्या बायका पेटवलेल्या काड्या टाकून पोरांसकट तळघरात गेल्या. एका बाईनं मासे बरोबर नेले. तिकडं शुआफातमध्ये एका टॅक्सीवाल्यानं सँडविच खाल्लं, मग वर बघितलं, तर सूर्य अजून शिल्लक. माफीचं निवेदन कुणी करायचं, आधी कुठल्या भाषेत, यात आणखी वीस मिनिटं गेली. तोवर फोन. हिब्रूत शिव्या, अरबीत शिव्या — काही जण तर सौजन्य म्हणून समोरच्याच्या भाषेत देत होते. ओस्लोच्या बाईनं नोंद ठेवली. सेहेचाळीस फोन इकडचे, सेहेचाळीस तिकडचे. स्टॉपवॉच न वापरता समानता आली ती तेवढीच.

आणि बेत हनीनाला काय झालं? ते विदादच्या वहिनीनं तिला सांगितलं. तोफ उडाली, अबू रमझींनी खजूर उचलला. एक भाचा म्हणाला, मामा, खिडकीत बघा, ऊन आहे अजून. म्हातारबुवांनी खिडकीकडं बघितलंसुद्धा नाही. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस — आख्ख्या बेत हनीनाला सूर्य कधी कुठं असतो ते शिकवलेला माणूस — म्हणाला, “रेडिओ म्हणतोय ना?” आणि खजूर तोंडात टाकला. मग काय, सगळ्यांनी टाकला. मोठ्यांचा मान. सूप वाढून झालं. माफीचं निवेदन आलं तेव्हा म्हातारबुवांचा चमचा अर्ध्यावर होता. तो त्यांनी परत वाटीत ठेवला, रेडिओ बंद केला, खालचा रुमाल काढून घडी घातली. आणि अकरा माणसं मशिदीची अजान होईपर्यंत समोरच्या गार होणाऱ्या सुपाकडं बघत बसली. 

रविवारी विदाद आली ती मग घ्यायला. तिचा चहाचा मग. मेनाशेला म्हणाली, “मला एकच सांग. बुधवारी तू पेटी फिरवली होतीस का?”

आता बघा. हो म्हणालो असतो — म्हणाला असता — तर सरळ होतं. त्यानं बुधवारी फिरवली, हिनं गुरुवारी परत फिरवली, तो सणात विसरला असेल या काळजीपोटी. दोनदा फिरवली की पेटी होती तिथंच. चूक पेटीची नाही, त्याचीही नाही. पण मग बापाला खोटं पाडणारा हात तिचा स्वतःचा होतो. तो म्हणाला, “नाही. विसरलो होतो. तू फिरवलीस ते बरोबरच होतं. बोट चुकलं माझं.” तिनं आपला मग पिशवीत टाकला. म्हणाली, “एकच काम होतं तुला, मेनाशे.” आणि जिना उतरून गेली. तीन मजले. पावलं मोजता येत होती.

हे तिला अजून माहीत नाही. आता तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही कोण तिला भेटायला.

हां, तर पुढं. चौथा शुक्रवार. मेनाशेनं पेटी उचलली, बसनं बेत हनीनाला गेला. म्हटलं, म्हातारबुवांना दाखवू, बघा, दोन पांढरी बटणं, माणूस चुकणारच, पोरीला शिक्षा नको. सूर्य बुडायला चाळीस मिनिटं असताना दार वाजवलं. दार उघडलं. अबू रमझी — सडपातळ, पांढऱ्या मिशा, घरातसुद्धा कोट. म्हणाले, “किती वाजले?” यानं सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे चाळीस मिनिटं आहेत. आत ये, बस. आज घड्याळ मी बघतो.” दोघं खिडकीपाशी बसले, मधे पेटी.  मग म्हातारबुवांनी विचारलं, “सूर्य कुठाय?” यानं बोट दाखवलं. ते म्हणाले, “त्या दिवशी मलाही तिथंच दिसत होता.” हा म्हणाला, “मग खजूर का खाल्लात, उस्ताद?” तर म्हणाले, “मुलगी सांगत होती. दोन वर्षांनी एकदा ऐकायचं ठरवलं होतं, त्यात सूर्य कुठं मधे आणायचा?”

मग अजान झाली. एक खजूर त्यांनी खाल्ला, एक याला दिला. पेटी उचलली, उलटीपालटी केली, पुढची बाजू शोधली, सापडली नाही. भूगोलाच्या माणसाला ते सहन होईना. आपल्या खजुराची बी घेतली आणि वायरीच्या भोकातून आत टाकली. म्हणाले, “आता कुणी फिरवली तर आवाज होईल.” आणि विदादला हाक मारली, पाहुण्याला सूप वाढ म्हणून.

छान आहे ना? आवडली तुम्हाला. पाकीट काढलंत. डोळेही जरा — असू दे, धूळ आहे बाजारात.

ठेवा ते पाकीट.

ओस्लोची बाई होती. दोन्हीकडचे सेहेचाळीस-सेहेचाळीस फोन होते, मीही मोजलेत. किर्यात मोशेतली ती बाई मासे घेऊन तळघरात गेली, तिनं स्वतः फोनवर सांगितलं, गार झाले म्हणून. बुधवार खरा, गुरुवार खरा, तिनं विचारलं ते खरं, मी दिलं ते उत्तर खरं. हो, मी. मेनाशे माझ्याहून उंच नव्हता. पदरचं एवढंच, की दार उघडलं.

दार उघडलं नाही, साहेब. मी वाजवलं, आतून पावलं आली, दारापाशी थांबली, मी नाव सांगितलं. पावलं परत गेली. मी पायरीवर बसलो, मांडीवर पेटी. चाळीस मिनिटं. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता, एकदा विदाद काहीतरी म्हणाली — मीठ कुठंय, असं काहीतरी. तो आवाज. मग मशिदीत अजान झाली, बरोबर वेळेवर, आणि मी उठून बसथांब्यावर आलो. शुक्रवार होता, आपल्याकडच्या बसगाड्या बंद झाल्या होत्या, तिकडच्या बसचे ड्रायव्हर जेवायला बसले होते.

आत खुळखुळतंय तो स्क्रू आहे. निसटलाय कधीतरी.

नाही, विकायची नाही. स्क्रूसकट नाही नि स्क्रूशिवायही नाही. खाली ठेवा — फिरवून नको, होती तशीच. तशीच हो! आता उठा, तो खोका मला आत घ्यायचाय, शुक्रवार आहे, दुकान बंद करतो मी. समोवार बघा त्याच्याकडचा. चांगला आहे.