भाऊजी, सूर मागून घ्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मराठी मंडळीचे ज्येष्ठ पंच माननीय दिलीपराव आढाव, व्यासपीठावर बसलेले आपले पाळक रेव्हरंड शैलेंद्र साळवे, दर रविवारी दुपारी हे सभागृह आपल्याला मोकळं करून देणारे इथल्या आयरिश मंडळीचे प्रतिनिधी, ब्लँचर्डस्टाउनहून आणि थेट ॲथलोनहून वाऱ्यापावसात गाडी हाकत आलेल्या बंधुभगिनींनो, आणि जिच्यासाठी आपण जमलो ती आपली पूर्णिमा, सर्वांना माझा जय ख्रिस्त.

नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला वक्तृत्व शिकवायला सिस्टर फिलोमिना होत्या. याच आयर्लंडच्या. त्या सांगायच्या, "मुलींनो, आधी सगळ्यांची नावं आदरानं घ्यायची. मग मनात असेल ते बोलायचं. कोणी मध्येच उठून जात नाही." नावं घेऊन झाली. आता कोणी उठू नका.

आपल्या मंडळीच्या चिटणीस अभिजितने निमंत्रणात लिहिलंय की पूर्णिमा नव्या नोकरीसाठी गॉलवेला जाते आहे. खोटं नाही ते. नोकरी आहे, पगारही बरा आहे. पण ती का जाते आहे, हे या सभागृहात ठाऊक नसलेलं कोण आहे? काल मी तिला विचारलं, "पुनू, बोलू का गं उद्या?" तर म्हणाली, "मावशी, इट्स ग्रँड, बोल की. सगळ्यांना माहितीये, फक्त कोणी बोलत नाही." तेव्हा तिला विचारूनच बोलते आहे.

पूर्णिमाची आई सुरेखा माझ्या बाकावरची मैत्रीण. तिने ही पेटी विमानात मांडीवर घेऊन आणली, सामानात टाकू दिली नाही. आपल्या उपासनेची रीत तिनेच घातली. गीत सुरू करायचे तिचे यजमान, आपले दिलीपभाऊजी, पण त्याआधी ते मान डावीकडे वळवायचे आणि म्हणायचे, "सुरेखा, दे." मग काळी एकचा सूर यायचा आणि भाऊजी गायला लागायचे. भाऊजींचा आवाज गोड आहे, पण स्वतःहून सूर काही सापडत नाही त्यांना. माफ करा हं, अध्यक्ष महाशय. हे सुरेखाच म्हणायची.

सुरेखा गेली त्यानंतरच्या रविवारी पेटीपाशी कोणीच नव्हतं. पूर्णिमा आपली जागा सोडून उठली आणि तिथे जाऊन बसली. मराठी वाचता येत नव्हतं पोरीला, शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेले. भाऊजींनी सवयीनं मान वळवली आणि म्हणाले, "बाळा, दे." तेव्हापासून दर रविवारी हेच दोन शब्द. पाळकसाहेबांचे उपदेश मी विसरते, पण हे दोन शब्द मला पाठ आहेत.

आता या वर्षाचं. आपल्या पंथाच्या महासभेपुढे ठराव यायचा होता. समलिंगी लग्न केलेल्यांना पूर्ण सभासदत्व नाही, प्रभुभोजन नाही, उपासनेत सेवा नाही. आपले प्रतिनिधी दिलीपभाऊजी. त्यांनी काय मत द्यावं, यावर याच सभागृहात चहा पीत बैठक झाली. हरीशभाऊ म्हणाले, "अहो, जगात काय चाललंय ते बघा. माझ्या पोराच्या वर्गातल्या दोघांना दोन-दोन आया आहेत, मुलं गुणी आहेत." विद्याताई म्हणाल्या, "गुणी असतील. पण शास्त्र तुमच्या पोराच्या वर्गाला विचारून लिहिलेलं नाही." मग हशा, मग वाद, मग पुन्हा चहा. चहा देत होती पूर्णिमा. किटली हातात घेऊनच तिने विचारलं, "पप्पा, पण ते तुमच्या ओळखीचं कोणी असलं तर?"

भाऊजी प्रेमानंच म्हणाले, "बाळा, नियम ओळखीवर चालत नाहीत."

बायकांच्या टेबलावर आम्ही सगळ्यांनी कप खाली ठेवले. भाऊजींना काहीच कळलं नाही. "साखर आहे का अजून?" म्हणाले.

जूनमध्ये ठराव मंजूर झाला. भाऊजींनी बाजूनं मत दिलं. त्यांना मी दोष देत नाही. सुरेखाच्या आजारपणात रोज तिचे केस विंचरणारा हा माणूस आहे, कठोर नाही. त्यांनी जे खरं मानलं, त्याला मत दिलं.

ते घरी आले तेव्हा पूर्णिमा स्वयंपाकघरात डबे धुऊन कपाटात ठेवत होती. तिथेच तिने सांगितलं, की ती क्लोदाशी लग्न करणार आहे. क्लोदा म्हणजे ती, शेवटच्या रांगेत मांडीवर ॲपल टार्टचं ताट घेऊन बसली आहे ती मुलगी. तिला मराठी येत नाही, तरी मी बोलायला लागल्यापासून रडते आहे.

भाऊजींनी एकच विचारलं. "तुझ्या आईला ठाऊक होतं?"

पूर्णिमा म्हणाली, "हो पप्पा."

त्यानंतर त्या घरात कामापुरतंच बोलणं आहे. तरी सकाळी तिच्या गाडीच्या काचेवरचं दव पुसलेलं असतं. कोण पुसतं, हे ती विचारत नाही आणि ते सांगत नाहीत.

पुढच्या रविवारी पूर्णिमा पेटीपाशी गेलीच नाही. लग्न अजून व्हायचं होतं, कोणी तिला अडवलंही नसतं. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, आज ना उद्या मला ऊठ म्हणायचं काम पंच म्हणून पप्पांनाच करावं लागलं असतं. ते मला नको होतं." बंधुभगिनींनो, आपण या मुलीला नियम शिकवत होतो. तिने मात्र आपल्या बापाची लाज राखली.

त्या दिवशी भाऊजींनी सवयीनं मान डावीकडे वळवली. तिथे रिकामी खुर्ची. मग त्यांनी सुराविना गीत उचललं, इतकं वर की दुसऱ्या कडव्याला कोणीच पोहोचलं नाही. पाळकसाहेबांना खोकला आला. आपण सगळे पुस्तकात बघत राहिलो. तेव्हापासून आपण दुसरं कडवं गायलेलं नाही.

येत्या शुक्रवारी गॉलवेच्या नोंदणी कार्यालयात लग्न आहे. चर्च नाही, पाळक नाही. करवली म्हणून मी जाते आहे, या वयात आणि या गुडघ्यांसह. सुरेखाची लग्नातली पांढरी साडी नेते आहे. वधूच्या वडिलांची खुर्ची क्लोदाच्या आईने मांडायला सांगितली आहे. रिकामी राहिली तर राहील, पण मांडलेली असेल.

मी शास्त्र शिकलेली नाही. महासभेचा ठराव बदलणं माझ्या हातात नाही. माझी दोन माणसं एकाच घरात एकमेकांपासून दूर बसली आहेत, एवढंच मला दिसतं, आणि ते बघवत नाही.

अभिजितने बोलायची संधी दिली, इथल्या मंडळीनं सभागृह दिलं, विद्याताईंनी वाद विसरून सगळ्यांसाठी पुरणपोळ्या केल्या, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, कोणाच्या घरातलं अधिक बोलले असेन, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पदरात घ्या.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढे समारोपाचं गीत आहे, अध्यक्षांनी सुरू करायचं. पेटी अजून पूर्णिमाच्या गाडीत ठेवू दिलेली नाही मी. ती तिथे, तुमच्या डाव्या हाताला आहे, भाऊजी. पूर्णिमा, तू जाऊन बस. आज निरोप आहे, आज तुला कोणी उठवणार नाही.

भाऊजी, लग्नाला या असं मी म्हणत नाही. ते तुमचं आणि देवाचं. फक्त आजचं गीत वर उचलू नका. मान वळवा आणि मागून घ्या. दोनच शब्द आहेत, तुम्हाला पाठ आहेत.

आम्ही थांबतो.