खोडदचं हवामान

नेट नवीन व्हतं, तवा गावाच्या ईमेल ग्रुपवर मला लई मान व्हता, राव. मी पुण्यात कंपनीत. रोज सकाळी खोडदला नानांना, म्हंजी चुलत्यांना, फोन करून आभाळ कसंय विचारायचो आन ऑफिसातनं ग्रुपवर टाकायचो. बाहेरगावी ऱ्हाणारी मंडळी ते वाचून गावात आपापल्या घरी कळवायची. आठवडाभर नाना "कोरडं" म्हणले, मी "कोरडं" लिहिलं. गावानं काढलेला कांदा शेतात उघडाच ठेवला, आन एका दुपारी धो धो पाऊस.

"नाना, आभाळ बघितलं नाय का तुमी?"

"मी कशाला बघू? शेजारच्या बबनला विचारतो. त्याचा मुंबईचा जावई नेटवर खोडदचं हवामान वाचून रोज कळवतो त्याला."

मी ग्रुपवर माझंच आठवडाभराचं लिखाण परत वाचलं.

"तू बी नेटवर असतो ना? मग तिथं लिहिणाऱ्या त्या येड्याला जरा झाप. आपला बी कांदा भिजलाय."